संकल्पनाचित्र आणि डिजिटल टिपणे

एखाद्या विषयातील संकल्पना चौकटींत लिहून, त्यांना जोडणाऱ्या रेघेवर त्यांच्यातील नाते शब्दांत सांगणारी आकृती म्हणजे संकल्पनाचित्र. संगणकावर किंवा मोबाइलवर टिपणे ठेवण्याच्या सॉफ्टवेअरसोबत ही आकृती वापरण्याची पद्धत विद्यार्थी, संशोधक, शिक्षक आणि लेखक यांच्यात रुळत चालली आहे. तपशील टिपणात राहतो आणि विषयाची बांधणी आकृतीत दिसते, अशी ही विभागणी आहे. सर्वांत जास्त दुर्लक्ष मात्र रेघेवरच्या शब्दाकडे होते आणि या पद्धतीचा कस नेमका तिथेच लागतो.

उगम : अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुलांना विज्ञान कसे समजत जाते याचा अभ्यास करत होते. पहिली-दुसरीच्या मुलांना ध्वनिफितींच्या साह्याने विज्ञानाचे पाठ द्यायचे आणि त्यांचे शालेय शिक्षण संपेपर्यंत मधूनमधून मुलाखती घ्यायच्या, असा हा १२ वर्षांचा प्रकल्प होता. मुलाखतींच्या लेखी उताऱ्यांचे ढीग साचले. मुलाच्या समजुतीत कोणता बदल झाला हे त्या ढिगातून दिसेना. मग १९७२ मध्ये या गटाने मुलाच्या बोलण्यातील संकल्पना आणि त्यांना जोडणारे शब्द एका कागदावर मांडायला सुरुवात केली. म्हणजे टिपणे फार झाली आणि हाताबाहेर गेली म्हणून ही आकृती जन्माला आली. आज टिपणवहीच्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो नोंदी साठवून बसलेल्या माणसाची अडचणही तीच आहे.

या मांडणीमागे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑझुबेल यांचा सिद्धांत होता. नवी माहिती शिकणाऱ्याच्या आधीच्या ज्ञानात कुठे बसते यावर ती टिकणार की गळून पडणार हे ठरते, असे ऑझुबेल यांचे म्हणणे होते. म्हणून चित्रात नवी चौकट सुटी ठेवता येत नाही. ती कशाला तरी आणि कोणत्या तरी नात्याने जोडावीच लागते.

रचना : चित्राची सुरुवात एका प्रश्नाने होते. ‘माती’ हा विषय झाला. ‘पाऊस संपल्यावरही सोलापूरकडे ज्वारी कशी येते?’ हा प्रश्न झाला. प्रश्न असला की कोणती संकल्पना घ्यायची आणि कोणती सोडायची हे ठरवता येते. वर व्यापक संकल्पना, खाली विशिष्ट, आणि दूरच्या दोन फांद्यांना जोडणारे आडवे दुवे अशी सर्वसाधारण ठेवण असते. एका चित्रात १५ ते २५ संकल्पना पुरेशा होतात असा नोव्हाक यांचा अनुभव आहे. चौकटीत आख्खे वाक्य लिहावे लागले, तर त्या वाक्यात आणखी एक लहान चित्र दडलेले आहे असे समजावे.

वरच्या प्रश्नाचे चित्र असे सुरू होईल : ‘बेसाल्ट खडक’ — झिजून तयार झाली — ‘काळी माती’. ‘काळी माती’ — दीर्घकाळ धरून ठेवते — ‘ओल’. ‘ओल’ — हिच्या बळावर वाढते — ‘रब्बी ज्वारी’. आता दुसरी फांदी : ‘काळी माती’ — हिच्यात उशिरा येतो — ‘वाफसा’. ज्या गुणामुळे ही माती पाणी धरते त्याच गुणामुळे पावसानंतर तिच्यात लवकर औत घालता येत नाही, हे या फांदीने ध्यानात येते. प्रत्येक जोडी वाक्यासारखी वाचता आली पाहिजे आणि ते वाक्य खरे की खोटे हे तपासता आले पाहिजे. ‘काळी माती’ आणि ‘ज्वारी’ यांच्यामध्ये नुसती रेघ ओढली, तर त्यांचा काहीतरी संबंध आहे एवढेच कळते. ते तर शेतात न गेलेल्यालाही ठाऊक असते.

टोनी बुझान यांनी १९७४ मध्ये बीबीसीच्या मालिकेतून लोकप्रिय केलेला माइंड मॅप वेगळा. त्यात मध्यभागी एक विषय असतो, त्यातून फांद्या फुटतात, आणि रेघांवर नाते लिहिण्याचे बंधन नसते. सुचलेले भराभर उतरवायला तो सोयीचा आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेतील ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचा आहे. तिथे मधल्या चौकटीभोवती रिकाम्या चौकटी असतात आणि विद्यार्थ्याने त्या भरायच्या असतात. रेघा मुक्याच राहतात. नाव संकल्पनाचित्राचे असले तरी तो प्रकार माइंड मॅपच्या जवळचा आहे, आणि आपल्याकडे या आकृतीकडे पाठांतराची सोय म्हणून पाहिले जाण्यास हे एक कारण असावे.

टिपणवही संगणकावर : एकमेकांना जोडलेल्या टिपणांची कल्पना संगणकाआधीची आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांनी सुमारे ९०,००० कागदी पत्रके लिहून ठेवली. प्रत्येक पत्रकाला क्रमांक, आणि मजकुरात दुसऱ्या पत्रकाचा क्रमांक देऊन दुवा. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘पहा’ लिहून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवले जाते; जात तीच. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिला विकी, म्हणजे वाचकांनाच संपादता येणारे संकेतस्थळ, सुरू केला आणि असा दुवा पडद्यावर एका टिचकीचा झाला. २०२० मध्ये आलेल्या ऑब्सिडियनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये शब्दाभोवती दुहेरी चौकटी कंस घातला की त्या नावाचे टिपण जोडले जाते, आणि त्या टिपणावरून मागे फिरून कोणकोणत्या टिपणांनी त्याचा उल्लेख केला हेही दिसते.

ही सॉफ्टवेअर सर्व दुव्यांचे जाळे आपोआप काढून दाखवतात. प्रत्येक टिपण एक ठिपका, प्रत्येक दुवा एक रेघ. पाच-सहाशे टिपणे झाली की पडद्यावर तारकापुंज उमटतो आणि पाहणाऱ्याला आपण पुष्कळ काही समजून घेतल्याचा आनंद होतो. या जाळ्याचे काही उपयोग आहेत : एकटे पडलेले टिपण सापडते, कशाचा उल्लेख वारंवार येतो ते कळते. पण हे संकल्पनाचित्र नव्हे. त्याच्या रेघांवर शब्द नाहीत. एका टिपणाने दुसऱ्याला दुजोरा दिला, खोडून काढले की नुसते नाव घेतले, हे त्या रेघेला ठाऊक नसते. ते नाते माणसानेच ठरवून लिहावे लागते, आणि लिहिताना जो विचार करावा लागतो त्याचे नाव शिकणे.

दोन्ही एकत्र : प्रत्यक्षात काम असे चालते. आधी प्रश्न लिहायचा, सुचतील त्या संकल्पनांची नावे एका कडेला मांडून ठेवायची आणि एकेक उचलून चित्रात बसवायची. बसेना ती कडेलाच राहू द्यायची. चित्रातील महत्त्वाच्या चौकटीला तिचे टिपण जोडायचे. ‘काळी माती’ या चौकटीवर टिचकी मारली की टिपण उघडते : माँटमोरिलोनाइट प्रकारच्या चिकणखनिजामुळे ही माती भिजल्यावर फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, ज्या लाव्ह्यापासून हा बेसाल्ट झाला तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर पसरला. एवढे सगळे चित्रात कोंबले तर चित्र वाचता येणार नाही, आणि टिपणातच ठेवून चित्र काढलेच नाही तर खडकापासून कणसापर्यंतची साखळी कधी डोळ्यांसमोर येणार नाही.

साधने अनेक आहेत. फ्लॉरिडातील आयएचएमसी या संशोधन संस्थेचे सीमॅपटूल्स खास संकल्पनाचित्रांसाठीच बनवलेले आहे. त्यात दोन चौकटी जोडल्या की मध्ये नात्याच्या शब्दासाठी जागा आपोआप तयार होते, आणि ती रिकामी राहिली की डोळ्यांना खुपते. ऑब्सिडियनमध्ये २०२२ च्या अखेरीस कॅनव्हास आले. त्यात टिपणे पाटीवर मांडून बाणांनी जोडता येतात आणि बाणांवर शब्द लिहिता येतात. हे चित्र साठवण्याचा आराखडा २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला करण्यात आला. मर्मेड या साधनात तर चित्र साध्या मजकुरातूनच तयार होते. आपले टिपण वीस वर्षांनीही उघडावे असे ज्याला वाटते त्याने चित्र कोणत्या आराखड्यात साठवले जाते याकडे आधी पाहावे. चित्र केवळ छायाचित्रासारखे साठवले, तर त्यातले शब्द बहुधा शोधात सापडत नाहीत, आणि टिपणाचे नाव बदलले तरी चित्रात जुनेच राहते.

मराठीतील अडचणी : इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, त्यामुळे चौकट, रेघ, चौकट हा क्रम वाक्याच्या क्रमाशी जुळतो. मराठीत क्रियापद शेवटी जाते आणि नामाला विभक्ती लागताना त्याचे रूपही बदलते. चौकटीत ‘ओल’ आहे. वाक्याला मात्र ‘ओलीवर’ हवे असते. चौकटीतच ‘ओलीवर’ लिहिले तर तीच चौकट पुढच्या रेघेला चालत नाही. यावर चांगला तोडगा म्हणजे विभक्तीचा भार सर्वनामावर टाकणे : हिच्या बळावर, याच्यामुळे, त्याच्यापासून. असे वाक्य बोलण्यातले वाटते आणि चौकटीतील शब्द मूळ रूपात राहतो. इंग्रजी चित्र पाहून ‘चे कारण आहे’ असे तुकडे रेघेवर डकवले की मराठी वाचक अडखळतो.

टिपणांतील दुव्यांनाही हाच प्रश्न येतो. टिपणाचे नाव ‘जमीन’, मजकुरात शब्द ‘जमिनीचा’. दुव्यात मूळ नाव ठेवून दिसणारे रूप उभ्या रेघेनंतर वेगळे लिहिण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. ती प्रत्येक वेळी वापरणे कंटाळवाणे वाटते, पण न वापरल्यास ‘जमिनी’, ‘जमिनीचा’, ‘जमिनीत’ अशी पोरकी टिपणे तयार होतात. याहून फसवी गोष्ट म्हणजे ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातील अर्धा ऱ. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जाऊ शकतो : नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण सॉफ्टवेअरला ते दोन निराळे शब्द वाटू शकतात. संगणकावर एका कळफलकाने आणि फोनवर दुसऱ्याने टंकणाऱ्याला ‘वारा’ सापडतो, ‘वाऱ्याची दिशा’ सापडत नाही. अशा संग्रहात टिपणाच्या नावासाठी एकच कळफलक वापरण्याची शिस्त पाळलेली बरी.

परिणामकारकता : जॉन नेस्बिट आणि ओलुसोला अडेसोपे यांनी २००६ मध्ये ५५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत ५,८१८ जणांचा समावेश होता. नुसते वाचन किंवा व्याख्यान यांच्या तुलनेत अशा आकृत्यांनी ज्ञान अधिक टिकते असे त्यातून दिसले. २०११ मध्ये जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात वेगळा निष्कर्ष मांडला : उतारा समोर ठेवून संकल्पनाचित्र काढणाऱ्यांपेक्षा, उतारा बाजूला सारून आठवेल ते लिहिणाऱ्यांना नंतर जास्त लक्षात राहिले. या निष्कर्षाने चित्रांच्या पुरस्कर्त्यांत खळबळ उडाली. पुढे २०१४ मध्ये याच दोघांना दिसून आले, की चित्रही मजकूर न पाहता, आठवणीतून काढले तर आठवून लिहिण्याइतकाच फायदा होतो.

डिजिटल टिपणे वापरणाऱ्याला हा निष्कर्ष फार कामाचा आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये सगळे सतत हाताशी असते आणि चौकटी टिपणांतून ओढून आणण्याचा मोह होतो. त्यापेक्षा टिपणे बंद करून कोऱ्या पाटीवर, हवे तर कागदावर, चित्र काढावे. मग टिपणे उघडून ताडून पाहावे आणि राहून गेलेल्या चौकटी व चुकलेले नात्याचे शब्द वेगळ्या रंगात भरावेत. आठवड्याने तेच चित्र पुन्हा काढताना त्या रंगातल्या जागा आधी तपासाव्यात.