एक टक्का बेशिस्त

कागदावर चौकोनांच्या २२ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत १२ चौकोन. सगळ्यात वरची ओळ शिस्तीत उभी आहे, कडेला कडा लागलेली. जरा खाली आलं की एखादा चौकोन किंचित कललेला दिसतो. मध्यावर ते एकमेकांवर चढू लागतात आणि तळाशी पोचेपर्यंत सगळी मांडणी विस्कटून जाते. जर्मनीतल्या एर्लांगेन शहरात, सीमेन्स कंपनीत काम करणारे गणिती गेओर्ग नेस यांनी १९६८च्या सुमारास हे चित्र कॉम्प्युटरकडून काढून घेतलं. नाव दिलं ‘शोटर’, म्हणजे खडी.

चित्रामागचा प्रोग्रॅम अगदी छोटा आहे. प्रत्येक चौकोनासाठी कॉम्प्युटर काही यादृच्छिक, म्हणजे फासे टाकून मिळावेत तसे आकडे उचलतो: चौकोन किती अंशांनी वळवायचा, मूळ जागेवरून आडवा किती सरकवायचा, उभा किती. हे आकडे केवढ्या मर्यादेत असावेत, हे मात्र ओळीवर अवलंबून असतं. वर ही मर्यादा जवळपास शून्य आहे आणि ओळीगणिक ती थोडी थोडी रुंदावत जाते. म्हणजे कुठला चौकोन कसा कलेल हे नेस यांनी ठरवलेलं नाही. कुठे किती कलू द्यायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. या चित्राची सगळी ताकद मला त्या एका निर्णयात दिसते. मर्यादा सगळीकडे सारखीच ठेवली असती तर हाती एक तर तक्ता आला असता, नाहीतर ढिगारा. ती हळूहळू वाढवल्यामुळे नजर आपोआप वरून खाली उतरते आणि वाटेत कुठेतरी तिला जाणवतं की पडझड सुरू झाली आहे.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. असे प्रोग्रॅम खरे फासे टाकत नाहीत. नेहमीची एक रीत अशी, की एका आकड्याला मोठ्या संख्येनं गुणायचं, दुसऱ्या संख्येनं भागायचं आणि बाकी उरेल तो पुढचा आकडा धरायचा. मग त्याच्यावर तीच क्रिया पुन्हा. बाहेरून बघणाऱ्याला ही माळ बेभरवशाची वाटते, पण पहिला आकडा तोच दिला तर संपूर्ण माळ जशीच्या तशी परत येते. या पहिल्या आकड्याला ‘सीड’ म्हणतात. सीड जपून ठेवला तर चित्रातला गोंधळसुद्धा रेषेन् रेष पुन्हा उभा करता येतो. कलावंताच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे, कारण योगायोग तसाच ठेवून बाकीचं काहीही बदलून पाहता येतं.

नेस यांनी आपली सुरुवातीची कॉम्प्युटरचित्रं फेब्रुवारी १९६५मध्ये श्टुटगार्टला मांडली, तेव्हा जमलेले चित्रकार चिडले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइज गॅलरीत बेल लॅबोरेटरीज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या ए. मायकल नोल आणि बेला युलेश यांची चित्रं लागली. नोल यांनी याच सुमारास एक प्रयोग केला, आणि तो मला आजच्या कित्येक वादांपेक्षा जास्त बोलका वाटतो. डच चित्रकार पीट मोंड्रियान यांचं १९१७चं एक चित्र आहे. वर्तुळाकार पसरलेल्या छोट्या आडव्या-उभ्या काळ्या रेघा, बाकी काही नाही. नोल यांनी त्याच धर्तीवर यादृच्छिक आकड्यांच्या आधारे कॉम्प्युटरकडून एक चित्र काढून घेतलं आणि दोन्हींच्या सारख्याच दिसणाऱ्या प्रती १०० जणांना दाखवल्या. ५९ टक्के लोकांना कॉम्प्युटरचं चित्र जास्त आवडलं. कॉम्प्युटरचं चित्र कुठलं, हे फक्त २८ टक्के लोकांना बरोबर ओळखता आलं.

‘यंत्रानं माणसाला हरवलं’ असा याचा अर्थ लावणं सोपं आहे, पण ते चुकीचं ठरेल. मोंड्रियान यांनी रेघा फार विचारपूर्वक, जवळपास नियमानं मांडल्या होत्या. कॉम्प्युटरच्या चित्रात त्या जास्त विखुरलेल्या होत्या. बघणाऱ्यांच्या मनात विस्कळीतपणाची सांगड माणसाच्या सर्जनशीलतेशी घातलेली होती, म्हणून जे जास्त अस्ताव्यस्त ते त्यांना माणसाचं वाटलं. शिस्त यंत्राची आणि बेशिस्त माणसाची, हा आपला समज किती पक्का आहे बघा. प्रत्यक्षात त्या जोडीत नेमकं उलटं होतं.

मग नियम आणि योगायोग यांचं कुठलं मिश्रण आपल्याला भावतं? संगीतात याचा माग थोडा तरी लागला आहे. अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठाच्या रिचर्ड व्हॉस आणि जॉन क्लार्क या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात रेडिओवरचं संगीत नोंदवून त्यातले आवाजाचे आणि सुरांचे चढउतार मोजले. नंतर त्यांनी उलट दिशेनं जाऊन तीन तऱ्हांच्या यादृच्छिक सुरावटी तयार केल्या. पहिल्या तऱ्हेत प्रत्येक सुराचा आधीच्या सुराशी काही संबंध नाही. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक सूर आधीच्या सुरापासून जेमतेम वर किंवा खाली सरकतो. तिसरी या दोन्हींच्या मधली. तिच्यात झपझप होणारे छोटे बदल आहेत आणि संथपणे होणारे मोठे बदलही आहेत. बदल जितका संथ, तितका त्याचा वाटा मोठा. ऐकणाऱ्यांना पहिली सुरावट फारच बेछूट वाटली आणि दुसरी कंटाळवाणी. तिसरी त्यांना संगीताच्या बरीच जवळची वाटली, आणि रेडिओवरच्या संगीतातही व्हॉस आणि क्लार्क यांना याच जातीचे चढउतार सापडले होते. इंजिनिअर त्याला ‘वन ओव्हर एफ नॉइज’ म्हणतात.

तालाचंही तेच. निष्णात तालवादकाचा ठोका नेमक्या क्षणी पडत नाही, साधारण १० ते २० मिलिसेकंद मागेपुढे होतो. ड्रम मशीनचा रुक्षपणा घालवायला संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढे ‘ह्युमनाइज’ नावाची सोय आली. ती ठोके मागेपुढे करते खरी, पण कसेही केले तर ऐकताना ते खटकतं. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या संशोधकांनी २०११मध्ये दाखवलं, की माणसाच्या चुका सुट्या नसतात. आत्ताचा ठोका घसरला तर त्याचा परिणाम पुढच्या कितीतरी ठोक्यांवर रेंगाळतो. चुकांमध्ये असं नातं ठेवलेलं संगीत ऐकणाऱ्यांना जास्त पसंत पडलं. म्हणजे आपली बेशिस्तसुद्धा आठवण ठेवून वागते. मला तर हा शोध थक्क करणारा वाटतो.

हे मोजमाप हाती येण्याआधी एका चित्रकर्तीनं ते डोळ्यानं ओळखलं होतं. व्हेरा मोल्नार यांचा जन्म १९२४चा, बुडापेस्टचा. १९४७मध्ये त्या पॅरिसला आल्या. कॉम्प्युटर मिळण्याच्या कितीतरी आधी त्यांनी ‘काल्पनिक यंत्र’ चालवायला सुरुवात केली. आधी नियम ठरवायचे आणि मग आपणच यंत्र असल्यासारखे ते हातानं पाळायचे. १९६८मध्ये त्यांना खरा कॉम्प्युटर वापरायला मिळाला. सत्तरच्या दशकात त्यांनी एकात एक बसवलेल्या चौकोनांच्या जाळ्या काढल्या आणि त्यांत मोजून किंचित गडबड घुसवली. एका चित्रमालिकेचं नावच ‘एक टक्का बेशिस्त’ आहे. त्या एकाच वेळी एकच घटक बदलत, पुन्हा चित्र काढत, सगळी चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघत आणि त्यातलं एखादं निवडत. कितीही आकडे पुरवले तरी ‘हे राहू दे, बाकीची काढून टाका’ असं कॉम्प्युटर त्यांना सांगत नव्हता. डिसेंबर २०२३मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी त्या गेल्या. शेवटपर्यंत काम चालूच होतं.

आज शब्दांवरून चित्रं काढणारी साधनं हाताशी आहेत. त्यातली बरीचशी डिफ्यूजन या तंत्रावर चालतात. शिकवताना खऱ्या चित्रांत थोडा थोडा यादृच्छिक गोंधळ मिसळला जातो आणि तो काढून टाकायला मॉडेल, म्हणजे चित्र काढणारा प्रोग्रॅम, शिकतं. नवं चित्र काढताना ते निव्वळ गोंधळापासून सुरुवात करतं आणि पायरीपायरीनं तो पुसत जातं. नेस यांच्या चौकोनांचा प्रवास वरून खाली होता; इथे तो उलटा होतो. सीड इथेही आहे. मजकूर लिहिणाऱ्या भाषेच्या मॉडेलमध्ये योगायोगाची ‘टेंपरेचर’ नावाची मात्रा असते. ती कमी केली की तेच ते शब्द येतात, फार वाढवली की वाक्यं तुटतात.

माझी चिंता एवढीच आहे, की ही मात्रा बहुतेक वेळा आधीच ठरवून दिलेली असते आणि वापरणाऱ्याला ती दिसतही नाही. पुष्कळ मॉडेल लोकांच्या पसंतीनुसार वळवलेली असतात, त्यामुळे बहुतेकांना बरं वाटेल अशाच चित्रांकडे ती झुकतात. तरीही सीड धरून ठेवून एकेक शब्द बदलत जाणारे, शेकडो चित्रं टाकून देऊन एक ठेवणारे कलावंत याच साधनांनी काम करत आहेत. त्यांच्या प्रदर्शनात अंतिम चित्रांबरोबर नाकारलेली चित्रंही लावावीत, खाली सीडचा आकडा आणि प्रत्येक वेळी काय बदललं त्याची नोंद असावी, असं मला फार वाटतं. तशी नोंद समोर असली, तर चित्रात यंत्राचं किती आणि माणसाचं किती, हा वाद भिंतीवरची चित्रं बघत बघत घालता येईल.