विझलेला कापूस पुन्हा का पेटतो?

दिवाळीनंतर वेचणीला जोर चढला की पुढे पार गुढीपाडव्यापर्यंत विदर्भातील वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एकाच साच्याची बातमी येत राहते. शॉर्टसर्किटने घराला आग लागली, भाव वाढेल या आशेने घरात साठवलेला कापूस जळाला, नगर परिषदेचे अग्निशमन वाहन पोहोचेपर्यंत गावकऱ्यांनी विहिरीवरच्या मोटारीचे पाणी मारून आग आटोक्यात आणली. जिल्हा कधी यवतमाळ असतो, कधी वर्धा, कधी अकोला. बाकी मजकूर फारसा बदलत नाही. अशा बातमीच्या शेवटी कधी कधी एक वाक्य असते, आणि माझे लक्ष दर वेळी तेथेच अडकते: विझवलेली आग पहाटे पुन्हा भडकली. वाचणाऱ्याला वाटते की पाणी कमी पडले असावे किंवा गावकऱ्यांनी हलगर्जीपणा केला असावा. बहुतेक वेळा यातले काहीच झालेले नसते. रात्री विझली होती ती फक्त ज्वाळा. कापूस विझलेला नव्हताच.

हा फरक नीट समजला पाहिजे असे मला फार वाटते. गावोगाव स्वयंसेवकांची अग्निशमन पथके उभी राहावीत अशी चर्चा अधूनमधून होते आणि ती व्हायलाच हवी. परंतु पथक म्हणजे पाणी मारणारी चार माणसे एवढीच कल्पना डोक्यात ठेवून ते उभे केले, तर कापूस पिकवणाऱ्या गावात त्याचे निम्मे काम शिकायचेच राहून जाईल.

जळण्यासाठी इंधन, उष्णता आणि प्राणवायू लागतो, हे आपण शाळेत शिकलो. जळण्याच्या तऱ्हा मात्र दोन आहेत. पहिल्या तऱ्हेत तापलेल्या पदार्थातून ज्वलनशील वाफा बाहेर पडतात, त्या हवेत मिसळतात आणि हवेतच जळतात. त्यालाच आपण ज्वाळा म्हणतो. दुसऱ्या तऱ्हेत वाफांची गरजच नसते. उरलेल्या कोळशाच्या पृष्ठभागावर प्राणवायू थेट येऊन भिडतो आणि घन पदार्थ जागच्या जागी जळतो. यात ज्वाळा नसते. थोडा धूर असतो आणि अंधारात पाहिले तर लाल धग दिसते. गोवरी, विडी आणि उदबत्ती अशीच जळते. मराठीत याला धुमसणे म्हणतात.

कापसाच्या तंतूत ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. ते ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एका वाटेने त्याची लांबलचक साखळी तुटून वाफा होतात, आणि त्या ज्वाळेचे खाद्य बनतात. दुसऱ्या वाटेने साखळीतून पाणी निघून जाते व मागे कोळसा राहतो; हे धुमसण्याचे खाद्य. कोणती वाट धरली जाईल हे तापमानावर आणि तंतूतल्या क्षारांवर अवलंबून असते. शेतातून आलेल्या कच्च्या कापसात झाडाने जमिनीतून घेतलेले पोटॅशियमचे क्षार असतात. ते सेल्युलोजला कोळशाच्या वाटेकडे वळवतात आणि तयार झालेल्या कोळशाचे जळणेही सोपे करतात. त्यामुळे धुऊन स्वच्छ केलेल्या सुती कापडापेक्षा घरात भरलेला कच्चा कापूस धुमसायला अधिक तयार असतो.

धुमसणाऱ्या भागाचे तापमान साधारण ५०० ते ७०० अंशांपर्यंत जाते, पण त्याची चाल अत्यंत मंद असते: मिनिटाला मिलिमीटरच्या आसपास, दाबून भरलेल्या कापसात त्याहूनही कमी. ज्वाळेला हवेत साधारण १५-१६ टक्के प्राणवायू लागतो. त्याहून कमी झाला की ती विझते. धुमसणे मात्र त्याहून विरळ प्राणवायूवरही चालू राहते. शिवाय भोवतीचा कापूस उष्णता बाहेर जाऊ देत नाही, कारण त्यात अडकून पडलेली हवा उत्तम उष्णतारोधक असते, आणि त्याच पोकळ्यांतून झिरपणारा थोडासा प्राणवायू आतल्या धगीला पुरतो.

आता हिशेब करू. ढिगाच्या पृष्ठभागापासून एक फूट आत धग राहिली आणि ती मिनिटाला एक मिलिमीटर या चालीने बाहेर येऊ लागली, तर तिला पाच तास लागतील. रात्री नऊ वाजता आग विझल्याचे समाधान मानून माणसे घरी गेली असतील, तर धग पृष्ठभागाशी येईल ती दोनच्या सुमारास. तेथे तिला मोकळी हवा मिळते, पहाटेचा वारा लागतो, तापमान चढते, वाफा निघू लागतात आणि ज्वाळा उठते.

या पाच तासांनी गावात दुसरेही एक नुकसान केलेले आहे. दुपारी वेचणीच्या गाठोड्यात विडीची ठिणगी शिरते, गाठोडे घरात येऊन पडते, आणि मध्यरात्री सगळे झोपलेले असताना, चूल थंड आणि वीज गेलेली असताना कापूस पेट घेतो. कारण आणि परिणाम यांच्यात एवढे अंतर पडले की लोक भानामतीचे नाव घेतात, आणि मग संशयाचे बोट बहुधा एखाद्या एकट्या बाईकडे वळते. आग कुणाच्या मंत्राने लागत नाही. कोणावर जादूटोण्याचा आळ घेऊन छळ करणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. खरोखर आपोआप लागणारी आगही असते, पण तिचेही रसायनशास्त्र आहे: जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होताना उष्णता निर्माण होते, ती आतच साठते आणि चिंध्या पेटू शकतात.

मूळ प्रश्न असा की एवढे पाणी ओतूनही धग का विझत नाही. पाण्याची ताकद मोठी आहे. ३० अंशांचे एक लिटर पाणी पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे २,५०० किलोज्यूल उष्णता शोषते. एक किलो कापसाचे तंतू पूर्ण जळताना साधारण १७,००० किलोज्यूल देतात. म्हणजे हिशेबाने किलोमागे सात लिटर पाणी पुरेसे व्हावे, आणि धुमसणारा भाग तर ढिगाचा लहानसा हिस्सा असतो. अडचण पाणी आत शिरण्याची आहे.

ही गोष्ट घरी पाहता येते. बोंडातून नुकताच काढलेला, सरकी वेगळी केलेला कापसाचा पुंजका एका पेल्यातल्या पाण्यावर ठेवा. तो तरंगत राहील. बोटाने खाली दाबला तरी सोडताच वर येईल, आणि बाहेर काढून उकलला तर आतले तंतू कोरडे निघतील. औषधांच्या दुकानातला कापूस त्याच पाण्यात टाकला तर तो काही क्षणांत भिजून बुडतो. दोन्ही सेल्युलोजच, फरक एवढाच की दुकानातल्या कापसावरचे मेण कारखान्यात काढून टाकलेले असते. कच्च्या तंतूवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, वजनाने एक टक्क्याच्या आतबाहेर, आणि तेवढा थर अख्ख्या टँकरला दाद देत नाही.

का, ते पाहू. येथे थोडे गणित आहे. दोन तंतूंमधली बारीक फट ही एक केशनलिका आहे. तिच्यात पाण्यावर येणारा दाब म्हणजे पाण्याच्या पृष्ठताणाची दुप्पट, गुणिले स्पर्शकोनाची कोज्या (कोसाइन), भागिले फटीची त्रिज्या. स्पर्शकोन म्हणजे पाण्याची कड पृष्ठभागाशी करते तो कोन. स्वच्छ काचेवर पाणी पसरते, तेथे तो लहान असतो. मेणावर थेंब गोळा होऊन बसतो, तेथे तो ९० अंशांपेक्षा मोठा असतो. आणि ९० अंश ओलांडले की कोज्येचे चिन्ह ऋण होते. म्हणजेच फट पाण्याला आत ओढत नाही, बाहेर ढकलते. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ०.०७२ न्यूटन, स्पर्शकोन १०० अंश आणि फटीची त्रिज्या १० मायक्रोमीटर धरली, तर हा विरोधी दाब सुमारे २,५०० पास्कल येतो. तो मोडून आत शिरायला पाण्याचा २५ सेंटिमीटर उंच स्तंभ डोक्यावर उभा असावा लागतो. फट जितकी बारीक, तितका विरोध जास्त. त्यामुळे ढिगावर ओतलेले पाणी रुंद फटी शोधते, त्या चारदोन वाटांनी भराभर खाली उतरते आणि जमिनीवर वाहून जाते. मधला घट्ट भाग, जेथे धग आहे, तो कोरडाच राहतो.

आता त्याच पाण्यात कपडे धुण्याची पावडर टाकू. पावडरीतल्या रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे मेणाकडे. ते पाण्याच्या पृष्ठभागावर गर्दी करतात, पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो, तंतूवरही त्यांचा थर बसतो आणि स्पर्शकोन ९० अंशांच्या आत येतो. कोज्या ऋण होती, ती धन होते. सूत्रात एका चिन्हाचा बदल झाला, पण त्याने परिस्थिती पूर्ण उलटते: जी फट पाणी बाहेर ढकलत होती तीच आता ते आत ओढू लागते, आणि जितकी बारीक तितक्या जोराने ओढते. सर्वांत घट्ट, सर्वांत अवघड कोपराच पाणी आपणहून मागून घेतो. पेल्यातल्या तरंगणाऱ्या पुंजक्यावर साबणाचे पाणी सोडा, तो डोळ्यांदेखत खाली बसेल. केशाकर्षणाचा याहून सुंदर प्रयोग मला माहीत नाही, आणि कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक गावच्या शाळेत तो व्हावा असे मला मनापासून वाटते.

कापसाची धग किती हट्टी असते याची सर्वांत दुःखद नोंद मुंबईची आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकेही होती. दुपारी गाठींमधून धूर येऊ लागला. अग्निशमन दलाने सुमारे ९०० टन पाणी जहाजात सोडले, तरी आगीचे मूळ सापडले नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला. त्यात बळी पडलेल्या ६६ अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ देशात दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

ग्रामीण महाराष्ट्रात अग्निशमन वाहन प्रायः तालुक्याच्या नगर परिषदेचे असते. दूरच्या गावी त्याला पोहोचायला वेळ लागतो, आणि पोहोचून ज्वाळा विझवली की ते परत जाते, कारण त्याच्या वाट्याला शेकडो गावे असतात. नंतरचे पाच-दहा तास त्या ढिगापाशी थांबू शकेल असा फक्त गाव असतो. जर्मनीत सुमारे १० लाख स्वयंसेवक अग्निशमनाचे काम करतात. लहान गावांत पगारी दल नसतेच. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील ग्रामीण अग्निसेवाही प्रामुख्याने स्वयंसेवकांवर चालते. तेथे आग विझल्यानंतरची साफसफाई, म्हणजे मागे राहिलेली धग शोधून विझवणे, हा प्रशिक्षणाचा स्वतंत्र भाग असतो. आपल्याकडे ‘फेकताच आग विझवणारा गोळा’ अशा जाहिराती मोबाइलवर फिरतात आणि एखादी ग्रामपंचायत ते विकतही घेते. त्यातली भुकटी ज्वाळेची रासायनिक साखळी तोडते, त्यामुळे चित्रफितीत ते प्रभावी दिसतात. ढिगात फूटभर आत असलेल्या धगीपर्यंत भुकटी पोहोचत नाही आणि तिला थंडही करत नाही.

गावाकडे साधने आहेत. पाठीवरचा १६ लिटरचा फवारणी पंप घरोघरी असतो. त्यात मूठभर धुण्याची पावडर विरघळवली की चांगले साधन तयार होते. मात्र कीटकनाशकाचा पंप यासाठी वापरू नये, कारण त्यातला अवशेष गरम कापसावर पडून त्याच्या वाफा छातीत जातील. फवारणीतल्या विषबाधेने काय होते हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये पाहिले आहे. पथकासाठी दोन-तीन नवे पंप वेगळे ठेवावेत. लाइनमनचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येकाकडे असावा आणि डीपीवरून (गावच्या रोहित्रावरून) वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत पाण्याचा थेंबही मारू नये.

बंद खोलीत शिरण्याची घाई सर्वांत घातक. धुमसताना ज्वलन अपुरे होते, म्हणून कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. वर्षाची कमाई आत आहे म्हणून तोंडाला ओला रुमाल बांधून माणूस धावतो. ओला रुमाल धूर थोडा अडवतो, हा वायू मुळीच अडवत नाही. दारे-खिडक्या उघडून, लांबून पृष्ठभाग ओला करून, धूर निघून गेल्यावरच आत जावे.

मग ढीग फोडायचा. उघडताच हवा लागून ज्वाळा उठू शकते, म्हणून एकाने दाताळ्याने थोडा थोडा कापूस ओढायचा आणि दुसऱ्याने पंप रोखून उभे राहायचे. ओढलेला कापूस घरापासून दूर, मोकळ्या जागी पातळ पसरायचा, साबणाच्या पाण्याने भिजवायचा आणि हाताने उकलून पाहायचा. कुटाराच्या (भुशाच्या) ढिगाजवळ किंवा पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) गंजीजवळ तो नेऊ नये. जो ढीग फोडता येत नाही त्यात लोखंडी सळई खुपसून काही मिनिटे ठेवावी, बाहेर काढून हाताच्या पालथ्या बाजूने जपून चाचपावी. चटका बसला तर धग आत आहे. रात्रभर दोघादोघांनी पाळीपाळीने हे करत राहावे.

वाचलेल्या कापसाची विक्रीही दुसऱ्याच दिवशी होऊ नये. आगीतून काढलेला कापूस चांगल्या कापसात मिसळून गाडीत भरला जातो, गाडी जिनिंगच्या, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवारात रिकामी होते, आणि एका पुंजक्यातली धग तेथे शेकडो क्विंटलच्या गंजीत जाऊन बसते. सरकी काढून रुई दाबली गेली तर ती १७० किलोच्या गाठीत बंद होते आणि गोदामात कित्येक दिवसांनी बाहेर येते. म्हणून असा कापूस वेगळा ठेवून काही दिवस रोज तपासावा, आणि विकताना तो आगीतला आहे हे जिनिंगवाल्याला आधी सांगावे.