सिडनीची पंगत

२६ जानेवारी हा ऑस्ट्रेलियाचाही राष्ट्रीय दिवस. तिथले मूळनिवासी त्याला आक्रमणाचा दिवस म्हणतात, आणि दरवर्षी त्यावरून वाद होतो. १७८८ मध्ये याच तारखेला कॅप्टन आर्थर फिलिपने सिडनीच्या खाडीत ब्रिटिश निशाण लावलं. सोबत ११ जहाजं आणि सातशेहून अधिक कैदी.

इंग्लंड आधी आपले कैदी अमेरिकेत धाडत असे. अमेरिकेने बंड केलं आणि ती वाट बंद झाली. तुरुंग भरले, तेव्हा थेम्स नदीत जुनी जहाजं नांगरून त्यांत माणसं कोंबली गेली. त्यावरचा उपाय म्हणजे आठ महिन्यांच्या प्रवासापलीकडचं हे काळं पाणी. बहुतेक जण चोऱ्यामाऱ्यांत सापडलेले, शिक्षा सात वर्षांची. शिक्षा संपली तरी परतीचं भाडं ज्याचं त्याने बघायचं.

शेती जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जमीन रेताड, बरंचसं बियाणं प्रवासातच खराब झालेलं. आणलेली गुरंही पहिल्याच वर्षी रानात निघून गेली. (ती १७९५ मध्ये सापडली, तेव्हा त्यांचा चांगला कळप झाला होता. माणसांपेक्षा त्यांनाच ही जमीन आधी मानवली म्हणायची.) त्यामुळे सगळी भिस्त सरकारी कोठारावर. आठवड्याला ७ पौंड पीठ, खारवलेलं मांस, वाटाणे, थोडं लोणी. शिपायाला आणि कैद्याला शिधा सारखाच, फक्त शिपायाला वर दारू. हे शिपायांना झोंबलं. बायकांना मात्र दोन तृतीयांश.

हेन्री केबल आणि सुझॅना होम्स या कैदी जोडप्याची गोष्ट तर सांगायलाच हवी. त्यांचं सामान जहाजावर गहाळ झालं. त्यांनी जुलै १७८८ मध्ये थेट त्या जहाजाच्या कप्तानावर दावा लावला. इंग्लंडच्या कायद्याने अशा कैद्यांना तो हक्कच नव्हता, पण इथल्या न्यायालयाने १५ पौंड भरपाई देववली.

रसद घेऊन निघालेलं ‘गार्डियन’ डिसेंबर १७८९ मध्ये हिमनगावर आदळलं. मार्च १७९० मध्ये वसाहतीचं जहाज ‘सिरियस’ नॉरफोक बेटापाशी फुटलं. मग माणशी आठवड्याला अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ, दोन पौंड डुकराचं मांस, एवढंच उरलं. आता मात्र बाईमाणसालाही सारखंच. फिलिपने स्वतःचं खासगी पीठ कोठारात जमा केलं. त्याच्याकडे जेवायला येणारे आपापला पाव घेऊन येत. जूनमध्ये दुसरा ताफा आला, पण सुमारे हजार कैद्यांपैकी चौथा हिस्सा वाटेतच मेला होता. ठेकेदारांना पैसे मिळाले होते चढवलेल्या डोक्यांमागे. उतरलेली कोणी मोजायची?

ज्यांची ही भूमी, त्या इओरा लोकांच्या खाडीतले मासेही याच उपाशी वसाहतीने ओढले. एप्रिल १७८९ मध्ये देवीची साथ आली. फिलिपच्या अंदाजाने आसपासचे निम्मे लोक त्यात गेले.

जेम्स रूस या कैद्याला प्रयोग म्हणून जमीन मिळाली आणि १७९१ मध्ये तो स्वतःच्या धान्यावर जगू लागला. पण एका शेताने वसाहतीचं पोट भरेना. १७९२ मध्ये ‘अटलांटिक’ जहाज कलकत्त्याहून तांदूळ, रवा आणि डाळ घेऊन आलं.

शिक्षा न झालेली पहिली शेतकरी कुटुंबं उगवली १७९३ मध्ये. त्यांना जमीन फुकट, राबायला कैदी. इथून भेद रुजला. शिक्षा भोगून सुटलेले लोक तोवर जमिनीचे मालक आणि व्यापारी होऊ लागले होते, तरी नंतर आलेले त्यांना बरोबरीचे मानायला तयार नव्हते. १८१० मध्ये लॅकलन मॅक्वारी गव्हर्नर झाला. हा लष्करी अधिकारी पूर्वी मुंबईत होता, पहिलं लग्नही त्याने तिथेच केलेलं. त्याने सुटलेल्या कैद्यांना न्यायाधिकारी नेमलं आणि आपल्या घरी जेवायला बोलावलं. पलटणीतले काही अधिकारी त्यांच्या पंगतीला बसायला तयार होईनात.