विमानाच्या चाकाखाली सही कोणाची? एएमई लायसन्सची पात्रता, कागदपत्रं आणि लॉगबुक

बारावीचा निकाल लागला की आमच्या कोपरीच्या सोसायटीतली एक-दोन मुलं वडिलांना घेऊन माझ्याकडे येतात. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून ऐरोली-उलव्याहूनही फोन येऊ लागलेत. प्रश्न ठरलेला असतो: विमान दुरुस्तीचं लायसन्स कसं काढायचं?

यंदा आलेल्या मुलाचा प्रश्न जरा वेगळा होता. त्याने अमेरिकेतल्या एका माणसाचे व्हिडिओ पाहिले होते. तो माणूस गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधतो, चाक स्वतः उतरवतो, बेअरिंग धुऊन ग्रीस भरतो, परत बसवतो आणि उडून जातो. "काका, त्याला कोणी विचारत नाही, मग मला तीन-तीन वर्षं कशाला?"

त्याला विचारत नाहीत असं नाही. तिकडे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असेल, तर ते विमान प्रायोगिक गटात नोंदवता येतं. अशा विमानाचं रोजचं काम कोणीही करू शकतो. पण दर बारा महिन्यांनी एक पूर्ण तपासणी होते आणि तिच्यावर परवानाधारक मेकॅनिकची सही लागते. बांधणाऱ्याने रिपेअरमन सर्टिफिकेट घेतलं असेल तर तोही ती सही करू शकतो. हे सर्टिफिकेट त्या एकाच विमानापुरतं असतं. विमान विकलं तरी ते बांधणाऱ्याकडेच राहतं, विकत घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे गॅरेजवाल्यालाही कागद चुकलेला नाही, फक्त त्याचा कागद छोटा आहे.

आपल्याकडेही घरी विमान बांधणारे झालेत. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं, २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ठेवलं होतं. नोंदणी मिळेपर्यंत २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. तो स्वतंत्र विषय आहे. इथे मी बोलतोय ते दुसऱ्याच्या विमानावर काम करून "हे उडायला सोडतो" अशी सही करण्याच्या परवान्याबद्दल. त्याचं नाव एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर लायसन्स, सगळे एएमई म्हणतात. देतं डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. वरचा कायदा आता भारतीय वायुयान अधिनियम, २०२४, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्याआधी १९३४ चा कायदा होता. लायसन्सची तरतूद एअरक्राफ्ट रूल्स, १९३७ च्या नियम ६१ मध्ये आहे आणि तपशील सीएआर-६६ या डीजीसीएच्या नियमावलीत. हा सीएआर-६६ डीजीसीएच्या साइटवर फुकट मिळतो. कोणत्याही क्लासचं माहितीपत्रक वाचण्याआधी तो उघडा.

कोणती कॅटेगरी?

जाहिरातीत फक्त "एएमई" लिहितात, पण लायसन्स कॅटेगरीचं मिळतं. ए म्हणजे साधी, ठरावीक लाइन मेंटेनन्सची (उड्डाणांच्या मधल्या वेळातली) कामं. बी-१ म्हणजे ढाचा, इंजिन, यांत्रिक यंत्रणा. त्यात बी-१.१ टर्बाइन इंजिनाची विमानं, बी-१.२ पिस्टन इंजिनाची विमानं, बी-१.३ आणि बी-१.४ हेलिकॉप्टरची. बी-२ एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली विजेची आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. बी-३ म्हणजे २,००० किलोपर्यंतची, केबिनमध्ये हवेचा दाब न ठेवणारी पिस्टन विमानं. सी ही बेस मेंटेनन्सची, म्हणजे हँगरमधल्या मोठ्या कामांची, पुढची पायरी आहे, सुरुवातीला तिचा विचार नको.

लँडिंग गिअर, म्हणजे चाकं, ब्रेक आणि चाकांचे पाय, बी-१ च्या हद्दीत येतो. मोठ्या एअरलाइनमध्ये जायचं असेल तर बी-१.१ धरा. फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानांत रमणार असाल तर बी-१.२ किंवा बी-३. माझं मत विचाराल तर हात छोट्या विमानावरच बसतो, कारण तिथे चाक खोलणारा, धुणारा, तपासणारा आणि बसवणारा एकच माणूस असतो. पण नोकऱ्या मोठ्या विमानांकडे आहेत, हे मुलाच्या वडिलांना सांगावंच लागतं.

पात्रता

वय १८ पूर्ण. बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. मान्य मेंटेनन्स संस्थेत विमान सोडण्याची सही करायला मात्र वय २१ लागतं. इंग्रजी वाचता-लिहिता आलंच पाहिजे, कारण मॅन्युअल इंग्रजीत असतं आणि अंदाजाने वाचलेल्या मॅन्युअलवर चाक बसवत नाहीत.

परीक्षा मॉड्यूलनुसार होतात, पर्यायी प्रश्नांच्या, आणि पास व्हायला ७५ टक्के लागतात. बोर्डाच्या ३५ टक्क्यांची सवय असलेल्याला हा आकडा पहिल्यांदा जड जातो. मॉड्यूल ७ म्हणजे मेंटेनन्सच्या पद्धती, ९ मानवी घटक, १० कायदे, ११ विमानाचा ढाचा आणि यंत्रणा. लँडिंग गिअर या अकराव्यात येतो. हँगरमध्ये त्याला सगळे "एटीए बत्तीस" म्हणतात, कारण जगभरच्या मॅन्युअलमध्ये ३२ वं प्रकरण लँडिंग गिअरचंच असतं. परीक्षेसाठी आधी कॉम्प्युटर नंबर काढावा लागतो, तोच पुढे तुमची ओळख.

कोर्स सक्तीचा नाही, हे क्लासवाले सांगत नाहीत. सीएआर-१४७ ची (प्रशिक्षण संस्थांच्या नियमावलीची) मान्यता असलेल्या संस्थेतून बेसिक कोर्स केलात तर अनुभवाची वर्षं कमी होतात, एवढाच फरक. बी-१.२, बी-३ आणि ए साठी कोणतंही तांत्रिक प्रशिक्षण नसेल तर प्रत्यक्ष वापरातल्या विमानांवरचा तीन वर्षांचा अनुभव, कामाशी जुळणारं कुशल कारागिराचं प्रशिक्षण मान्य झालं तर दोन, मान्य कोर्स केला तर एक. बी-१.१ आणि बी-२ साठी हेच पाच, तीन आणि दोन. वागळे इस्टेटच्या आयटीआयमधून फिटर झालेली मुलं मधल्या आकड्याबद्दल विचारतात. ते प्रशिक्षण धरायचं की नाही हे डीजीसीए ठरवतं, क्लासचा काउन्सेलर नाही.

कोर्स घ्यायचाच असेल तर डीजीसीएच्या साइटवरची मान्य संस्थांची यादी बघा. तुम्हाला हव्या त्या कॅटेगरीची मान्यता आहे का आणि तिची मुदत चालू आहे का, दोन्ही तपासा. "शंभर टक्के प्लेसमेंट" हे शब्द त्या यादीत कुठेच नाहीत.

लॉगबुक

अर्ज अडतात ते इथे. परीक्षा पास झालेली, कोर्स झालेला, आणि अनुभवाची वही अर्धवट.

मी शिकाऊ होतो तेव्हा सकाळी ठाण्याहून गाडी पकडून जुहूला जायचो. हे तेच जुहू, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. त्यांचं विमान पस मॉथ. त्याच्या चाकांच्या पायांवरची आवरणं नव्वद अंशात फिरवली की ती हवेत ब्रेकचं काम करायची. आता असं काही दिसत नाही. असो.

पहिल्याच आठवड्यात मला मुख्य चाक उतरवायला दिलं. जॅक लावला, कॉटर पिन काढली, नट सोडवला, चाक हातात आलं. छोट्या विमानाचं चाक दोन अर्ध्यांचं असतं, मधून बोल्टने जोडलेलं. मी सरळ त्या बोल्टला पाना लावला. मागून साहेबांनी हात धरला. "आधी हवा." टायरमध्ये हवा असताना ते बोल्ट सैल केले तर दोन अर्धे सुटून अंगावर येतात. हवा सोडली, व्हॉल्व्हची कोअर काढली, मग बोल्ट. त्यानंतर बेअरिंग धुऊन उजेडात धरायचं. रोलरवर निळसर डाग किंवा खड्डा दिसला की बाद. ब्रेकच्या लायनिंगची जाडी मोजायची, मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्या खाली गेली की बदलायची. ब्रेकमध्ये लाल रंगाचं खनिज हायड्रॉलिक तेल, गाडीचं ब्रेक ऑइल चुकूनही नाही, नाहीतर सील फुगतात. परत बसवताना नट मॅन्युअलप्रमाणे आवळायचा आणि कॉटर पिन नवी. जुनी पिन सरळ करून परत घालणाऱ्याला आमच्या हँगरमध्ये चहा मिळत नसे.

हे सगळं मी दीड वर्ष केलं आणि वहीत काय लिहिलं? "मुख्य चाक बदलले." तारीख, बस्स. मॅन्युअलचा संदर्भ नाही, काही ठिकाणी विमानाचा व्हीटी क्रमांक (नोंदणी क्रमांक) नाही, आणि ज्यांच्या हाताखाली काम केलं ते साहेब तोवर दुसऱ्या शहरात नोकरीला गेलेले. क्वालिटी विभागाच्या टेबलावर वही गेली आणि तशीच परत आली. चूक माझीच होती. मग सुट्टीच्या दिवशी रात्रीची गाडी पकडून साहेबांच्या गावी गेलो, कामाच्या नोंदींशी एकेक ओळ जुळवली आणि सह्या घेतल्या. ज्या नोंदी जुळल्या नाहीत त्या खोडल्या. सात महिने गेले.

म्हणून नोंद अशी लिहा: तारीख, विमानाचा प्रकार आणि व्हीटी क्रमांक, एटीए प्रकरण, नेमकं काय केलं (उतरवलं, तपासलं, ग्रीस भरलं, बसवलं, चाचणी घेतली), मॅन्युअलचा संदर्भ, आणि देखरेख करणाऱ्याची सही त्याच्या लायसन्स क्रमांकासह. सही त्याच आठवड्यात घ्या. महिनाअखेर म्हणालात की राहिलीच.

दुसरी गोष्ट, अनुभव विविध कामांचा हवा. फक्त चाकंच बदलली असतील तर तीनशे नोंदीही एकाच कामाच्या ठरतात. लँडिंग गिअरमध्येच बघा: पुढच्या चाकाच्या स्ट्रटमधलं (धक्का सोसणाऱ्या पायातलं) तेल आणि नायट्रोजन, थरथर थांबवणारा डँपर, ब्रेकमधली हवा काढणं, पायाच्या पकडीच्या जागी तडे शोधणं. घरी बांधलेल्या किंवा जुन्या हलक्या विमानांत स्ट्रटऐवजी रबराच्या बंजी दोऱ्या असतात. त्यांच्या वेष्टणात विणलेल्या रंगीत धाग्यांवरून दोरी कोणत्या वर्षी, कोणत्या तिमाहीत बनली ते कळतं. तसा धागा बघून दोरी बाद केल्याची एक नोंद वहीत असली तर तपासणारा वर बघतो. शिवाय इंजिन, प्रोपेलर, कंट्रोल, इंधन यांच्याही नोंदी हव्यात. आणि अनुभव ज्या कॅटेगरीचं लायसन्स मागताय त्याच प्रकारच्या विमानावरचा, त्यातलं किमान एक वर्ष अलीकडचं. मोठ्या जेटवर काम करून बी-३ मागता येत नाही. पिस्टन विमानांसाठी ठाणेकराला जुहू, नाहीतर मग बारामती, धुळे.

कागदपत्रं

दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो आणि सही स्कॅन करून, कोर्स केला असेल तर त्याचं प्रमाणपत्र, मॉड्यूलचे निकाल, लॉगबुक, आणि ज्या संस्थेत काम केलं तिचं अनुभवाचं पत्र. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर. फी बदलते, भरायच्या दिवशी तिथेच बघा.

यात महाराष्ट्र बोर्डवाल्यांची एक खास अडचण आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पॅनवर तिसरंच. पोर्टलला हे तीन वेगळे इसम वाटू शकतात. त्यात स्पेलिंग: म्हात्रे, चौधरी, ठाकूर ही आडनावं एकाच घरात दोन तऱ्हांनी लिहिलेली मी पाहिलीत. कॉम्प्युटर नंबर काढताना जे नाव टाकाल तेच लायसन्सवर येईल असं समजा, आणि ते दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षरन् अक्षर जुळवा. दहावीच्या कागदातच चूक असेल तर दुरुस्ती शाळेमार्फत होते. ठाणे जिल्ह्याचं विभागीय मंडळ वाशीला आहे, पण थेट तिथे धावू नका, आधी मुख्याध्यापकांचं पत्र घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्रातली नोंद सोबत ठेवावी. अर्ज करण्याआधी आधार दुरुस्त करून घेतलेला बरा, नंतर दोन्हीकडे हेलपाटे.

अनुभवाचं पत्र घेताना त्यावरच्या तारखा लॉगबुकशी ताडून बघा. पत्रात १ जूनपासून आणि वहीत पहिली नोंद एप्रिलची, अशी प्रकरणं अडतात. परीक्षा आणि अनुभव दोन्ही अर्जाच्या आधीच्या १० वर्षांतले असावे लागतात, त्यामुळे मध्येच सोडून दुसरीकडे गेलेल्यांनी जुने निकाल तपासून घ्यावेत.

मिळाल्यावर

लायसन्स पाच वर्षांचं असतं. पण ते नुसतं कपाटात ठेवून अधिकार टिकत नाही. सही करायची असेल तर मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने मेंटेनन्सचं काम केलेलं दाखवावं लागतं. म्हणजे वही पुन्हा चालू. त्या मुलाला मी माझी सध्याची वही दाखवली, पाचवी. त्याने पहिलं पान उघडून मॅन्युअलचा संदर्भ कुठे लिहिलाय ते शोधलं, मग म्हणाला, "काका, अशी वही कुठे मिळते?" स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात, शंभर पानी, पक्क्या बांधणीची. सुटी पानं घालायची फाइल घेऊ नकोस, एवढं सांगितलं.