सुएझ कालवा

आफ्रिका व आशिया या खंडांना सांधणारी सुएझची संयोगभूमी कापून भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडणारा ईजिप्तमधील कृत्रिम जलमार्ग. उत्तर टोकास पोर्ट सैद, दक्षिण टोकास सुएझ आणि मध्ये तिम्साह सरोवराकाठी इस्माइलिया ही त्यावरील प्रमुख शहरे. 17 नोव्हेंबर 1869 रोजी तो वाहतुकीस खुला झाला. तेव्हा त्याची लांबी सु. 164 किमी. होती; प्रवेशमार्गांच्या विस्तारामुळे ती आता सु. 193 किमी. झाली आहे. दोन्ही समुद्रांच्या पातळीत नगण्य फरक असल्याने यावर कोठेही जलपाश (जहाजे वर-खाली नेण्यासाठी पाण्याची पातळी बदलणारे दरवाजे) बांधावे लागले नाहीत.

या कालव्याचा उगम फेअरोंच्या काळापर्यंत नेण्याची प्रथा जुनी असली, तरी तीमुळे दोन भिन्न कामांची गल्लत होते. प्राचीन कालवा समुद्रापासून समुद्रापर्यंत नव्हताच. तो नाईलच्या पूर्वेकडील फाट्यावरून निघे, वादी तुमिलात या सु. 50 किमी. लांबीच्या अरुंद सखल पट्टीतून पूर्वेस जाई आणि संयोगभूमीतील बिटर सरोवरांच्या बाजूने दक्षिणेस वळून तांबड्या समुद्राला मिळे. त्यात नाईलचे गोडे पाणी खेळे. एकोणिसाव्या शतकातील कालवा खाऱ्या पाण्याचा असून उत्तर–दक्षिण जातो. दोहोंचा मार्ग बिटर सरोवरांच्या परिसरात व त्यांच्या दक्षिणेसच जवळ येतो.

प्राचीन कालवा : तो प्रथम कोणी खोदला, याविषयी प्राचीन लेखकांतच एकवाक्यता नाही. ॲरिस्टॉटल, स्ट्रेबो व थोरला प्लिनी हे पहिल्या प्रयत्नाचे श्रेय सेसॉस्ट्रिस या राजाला देतात; ट्रॉयच्या युद्धापूर्वीच हे काम झाले, असे स्ट्रेबो सांगतो. स्ट्रेबो व प्लिनी यांच्याहून कितीतरी आधीचा आणि ईजिप्त स्वतः पाहिलेला हीरॉडोटस मात्र तांबड्या समुद्राच्या कालव्याचा आरंभ सामेटिकसचा मुलगा दुसरा नेको (कार. इ. स. पू. 610–595) याच्या नावे नोंदवतो आणि पूर्तता इराणच्या पहिल्या डरायसकडे (कार. इ. स. पू. 522–486) देतो. त्याच्या वर्णनानुसार कालव्याची लांबी चार दिवसांच्या जलप्रवासाइतकी होती व वल्ह्यांच्या तीन रांगांची दोन ट्रायरीम जहाजे त्यातून शेजारी-शेजारी जाऊ शकत. नेकोच्या काळात खोदकामावर 1,20,000 ईजिप्शियन मेले आणि ‘हे श्रम परक्याच्या कामी येतील’ अशी देववाणी झाल्याने त्याने काम थांबवले, असेही तो लिहितो.

सेसॉस्ट्रिस म्हणजे बाराव्या राजवंशातील तिसरा सेनुस्रेत (इ. स. पू. एकोणिसावे शतक) असे मानून काही अभ्यासकांनी कालव्याचा काळ मध्य राज्य या प्राचीन ईजिप्तच्या कालखंडापर्यंत मागे नेला. त्यासाठी दोन शिल्पपटांचा आधार घेतला जाई. देर अल्-बहरी येथील हॅत्शेप्सुत राणीच्या मंदिरात तांबड्या समुद्रापलीकडील पुंट देशाच्या सफरीची जहाजे थेट थीब्झला लागल्यासारखी कोरली आहेत. कारनाक मंदिराच्या उत्तर भिंतीवरील पहिल्या सेतीच्या पटात ईजिप्तच्या पूर्व सीमेवर मगरी व लव्हाळी असलेला एक पाट दिसतो. यांतील दुसरा पट सीमारक्षणाचा खंदक किंवा नाईलचा एखादा फाटा दाखवत असावा. त्यावरून तांबड्या समुद्रापर्यंतच्या नौकामार्गाचा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. पहिल्या पटाचा पुरावा तर आता पुरता लंगडा पडला आहे. तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरील मर्सा गवासिस येथे कॅथरिन बार्ड व रोडोल्फो फात्तोविच यांच्या उत्खननात (2001 पासून) मध्य राज्याच्या काळातील जहाजांच्या फळ्या आणि खडकात कोरलेल्या गुहांत वेटोळी घालून ठेवलेले दोरखंड मिळाले. जहाजे नाईलकाठी बांधून, सुटी करून, वाळवंटातून किनाऱ्यावर नेली जात व तेथे पुन्हा जोडली जात, हे त्यावरून स्पष्ट होते. कालवा उपलब्ध असता तर एवढा खटाटोप कोणी केला नसता. तिसऱ्या सेनुस्रेतने कालवा मोकळा करवल्याचा जो शिलालेख आहे, तो अस्वानजवळच्या पहिल्या धबधब्याला वळसा घालणाऱ्या कालव्याचा आहे. ग्रीक लेखकांच्या कानी आलेल्या परंपरेचे मूळ तेथे असण्याचा संभव आहे.

भूपृष्ठाखालचा पुरावाही नेकोच्या बाजूने झुकतो. वादी तुमिलातमधील तेल अल्-मस्खुता येथे एद्वार नाव्हिय यांनी 1883 मध्ये उत्खनन केले. दुसऱ्या रामसेसच्या नावाचे दगड तेथे मिळाल्यामुळे हेच बायबलमधील पिथोम नगर, असे त्यांनी ठरवले आणि पर्यायाने कालवाही त्या काळाचा असावा, असा समज पसरला. टोरांटो विद्यापीठाच्या पथकाने 1978 ते 1985 या काळात तेच टेकाड थराथराने उकलले. त्यात हिक्सॉस या परकी राज्यकर्त्यांच्या काळातील वस्तीच्या वर मोठा खंड दिसला. नवीन राज्याच्या, म्हणजे रामसेसच्या कालखंडातील वस्तीचा थर तेथे नाही; पुढची वस्ती थेट इ. स. पू. सु. 610 च्या सुमारास नव्याने वसली. रामसेसचे दगड मागाहून दुसरीकडून वाहून आणलेले होते. नगराची ही नवी स्थापना नेकोच्या राज्यारोहणाशी जुळते. कालव्यावरील ठाणे म्हणूनच ते वसवले गेले, हे मत आज सर्वांत सयुक्तिक वाटते. नेकोपूर्वी कालवा नव्हता, हे झॉर्झ पोझनेर यांनी 1938 मध्येच साहित्यिक व शिलालेखीय साधनांवरून मांडले होते. उत्खननाने त्याला जमिनीचा आधार दिला.

डरायसच्या कामाविषयी मात्र त्याचीच साक्ष उपलब्ध आहे. कालव्याच्या मार्गावर त्याने उभारलेल्या किमान चार शिलास्तंभांचे अवशेष सापडले आहेत. पैकी शालूफचा गुलाबी ग्रॅनाइटचा स्तंभ 1866 मध्ये, म्हणजे नव्या कालव्याचे काम चालू असतानाच, मिळाला. त्यावर प्राचीन फार्सी, एलामी व अकेडियन या भाषांत कीलाकार लिपीतील लेख आहेत; ईजिप्शियन चित्रलिपीतील मजकूरही या स्तंभांवर होता. आपण इराणी असून इराणमधून येऊन ईजिप्त जिंकला, नाईल नदीपासून इराणकडून येणाऱ्या समुद्रापर्यंत कालवा खोदण्याची आज्ञा केली आणि जहाजे ईजिप्तहून इराणला गेली, असा त्याचा आशय आहे. याउलट ग्रीक इतिहासकार डायोडोरस म्हणतो की, तांबडा समुद्र ईजिप्तच्या भूमीपेक्षा उंच असल्याने देश बुडेल, या भीतीने डरायसने काम अर्धवट सोडले आणि दुसऱ्या टॉलेमीने (कार. इ. स. पू. 285–246) ते तडीस नेऊन मुखाशी उघडझाप करता येणारा अडसर बसवला. राजलेखात बढाई असतेच. तरी समकालीन लेख बाजूला सारून चार-साडेचार शतकांनंतरच्या लेखकावर विसंबण्याचे कारण दिसत नाही.

हा विरोध बराचसा वरवरचा असावा. नाईलचा गाळ आणि वाळवंटाची उडती वाळू यांमुळे असा कालवा देखभालीवाचून थोड्याच काळात बुजतो. शिवाय नदीला पूर असेल त्या काही महिन्यांतच तो नौकानयनास पुरेसा भरत असावा. त्यामुळे जो राजा तो उपसून मोकळा करी, तो स्वतःला त्याचा कर्ता म्हणवी. नेको, डरायस व टॉलेमी यांच्यानंतर रोमन सम्राट ट्रेजनच्या काळात (इ. स. सु. 112) कालव्याचे तोंड दक्षिणेकडे, आजच्या जुन्या कैरोजवळच्या बॅबिलन किल्ल्यापाशी नेण्यात आले. ईजिप्त जिंकल्यावर अम्र इब्न अल्-आस याने खलीफा उमरच्या आज्ञेवरून 640–650 च्या दरम्यान तो पुन्हा वाहता केला; मदिनेला धान्य पोहोचवणे हा त्याचा हेतू होता. आठव्या शतकात अब्बासी खलीफा अल्-मन्सूर याने बंडखोरांची रसद तोडण्यासाठी तो बुजवला. कैरो शहरातील त्याचा भाग ‘खलीज’ या नावाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकून होता.

पातळीचा प्रश्न : तांबडा समुद्र उंच असल्याची ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत दोन हजार वर्षांनी पुन्हा डोके वर काढते, ही या विषयातील विलक्षण गोष्ट होय. नेपोलियनने 1798 च्या डिसेंबरात सुएझजवळ जुन्या कालव्याच्या खुणा पाहिल्या व झाक-मारी ल पॅर या अभियंत्याला मोजणीस लावले. युद्धाच्या धामधुमीत, हल्ल्यांच्या सावटाखाली तुकड्या-तुकड्यांनी ही मोजणी झाली आणि तांबडा समुद्र भूमध्य समुद्राहून सु. 10 मी. उंच असल्याचा निष्कर्ष निघाला. लाप्लास व फूर्ये या गणितज्ञांना तो पटला नाही, पण कालव्याचा विचार त्यामुळे जवळजवळ अर्धशतक रेंगाळला. 1847 मध्ये बूर्दालू यांच्या पथकाने केलेल्या काळजीपूर्वक समतलनाने ही चूक निकालात काढली.

आधुनिक कालवा : पूर्वी ईजिप्तमध्ये वकिलातीत असलेले फ्रेंच मुत्सद्दी फर्दिनां द लेसेप्स यांनी ईजिप्तचा वाली (राज्यपाल) सैद याच्याकडून 1854 व 1856 मध्ये कालव्याची सनद मिळवली. वाहतूक सुरू झाल्यापासून 99 वर्षे कालवा लेसेप्स यांच्या कंपनीच्या ताब्यात राहावयाचा होता. लेसेप्स अभियंता नव्हते. आराखडा लिनां द बेलफाँ, नेग्रेली इत्यादींच्या अभ्यासावर आधारलेला होता. भारताच्या वाटेवर फ्रेंचांचे वर्चस्व नको, म्हणून पंतप्रधान पामर्स्टन यांच्या काळात ब्रिटनने योजनेला सतत विरोध केला. 25 एप्रिल 1859 रोजी खोदकाम सुरू झाले. 

कामगारांसाठी प्रथम गोड्या पाण्याचा कालवा काढावा लागला. तो वादी तुमिलातमधून, काही ठिकाणी प्राचीन कालव्याच्या पात्रातूनच नेला आणि 1863 मध्ये सुएझला पोहोचला. मुख्य कालव्याची पहिली काही वर्षांची खोदणी वेठबिगारीने झाली. महिन्याला सु. 20,000 शेतकरी गावांतून आणले जात. तितकेच परतीच्या वाटेवर आणि तितकेच येण्याच्या वाटेवर असत, म्हणजे शेतीला मुकलेले हात याच्या तिप्पट होते. कुदळी आणि टोपल्या हीच त्यांची साधने, आणि मऊ चिखलाच्या जागी तर नुसते हात. सैदनंतर आलेल्या इस्माइलने वेठ बंद केली, तेव्हा तिसऱ्या नेपोलियनच्या लवादाने 1864 मध्ये ईजिप्तवरच 8.4 कोटी फ्रँकची भरपाई लादली. आपल्याच प्रजेची वेठ थांबवल्याबद्दल एखाद्या देशाने परकी कंपनीला दंड भरावा, हा अन्याय साम्राज्यवादाच्या इतिहासात ठळकपणे नोंदवला पाहिजे. उरलेले बहुतेक काम बोरेल व लाव्हाले यांच्या वाफेवर चालणाऱ्या ड्रेजरांनी (गाळ उपसणाऱ्या यंत्रांनी) केले.

मृतांच्या संख्येविषयी सावधगिरी आवश्यक आहे. 26 जुलै 1956 च्या भाषणात ईजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी 1,20,000 कामगार मेल्याचे सांगितले आणि तो आकडा सर्वत्र उद्धृत होतो. हीरॉडोटसने नेकोच्या कालव्यासाठी दिलेला आकडाही नेमका हाच आहे. कंपनीच्या कागदपत्रांतील संख्या याहून फारच कमी असली, तरी तीत वाटेत किंवा गावी परतल्यावर मेलेल्यांची मोजदाद झाली असेल, असे मानता येत नाही. 1865 च्या पटकीच्या साथीने कामाच्या जागी मोठी हानी झाली, हे निश्चित.

कालवा व साम्राज्यसत्ता : कंपनीच्या 4,00,000 भागांपैकी (शेअर) सु. 44 टक्के ईजिप्तच्या सत्ताधीशाकडे होते. कर्जात बुडालेल्या इस्माइलने त्यांपैकी 1,76,602 भाग 1875 मध्ये सु. 40 लाख पौंडांस ब्रिटिश सरकारला विकले. ब्रिटिश पंतप्रधान डिझरेली यांनी ही रक्कम रॉथ्सचाइल्ड पेढीकडून उभी केली. 1880 मध्ये ईजिप्तचा नफ्यातील 15 टक्क्यांचा हक्कही गेला. ईजिप्तच्या दिवाळखोरीचे सारे खापर कालव्यावर फोडले जाते, ते तितकेसे बरोबर नाही. अमेरिकन यादवी युद्धानंतर कोसळलेले कापसाचे भाव आणि कर्जांच्या जाचक अटी यांचाही वाटा मोठा होता.

1882 मध्ये ईजिप्शियन लष्करी अधिकारी उराबी पाशाच्या उठावाविरुद्ध ब्रिटनने सैन्य पाठवले. कालव्याच्या तटस्थतेला ब्रिटिश धक्का लावणार नाहीत, या लेसेप्स यांच्या आश्वासनावर विसंबून उराबीने तो वेळीच अडवला नाही. ब्रिटिश सेनापती वूल्झली याने इस्माइलिया घेतले आणि गोड्या पाण्याच्या कालव्याच्या काठाने, वादी तुमिलातमधूनच, पश्चिमेकडे कूच केले. ऑगस्टअखेर तेल अल्-मस्खुता येथे चकमक झाली व 13 सप्टेंबर रोजी तेल अल्-केबीर येथे उराबीचा पराभव झाला. या मोहिमेत भारतातून गेलेली फौजही होती. नाव्हिय यांचे उत्खनन यानंतर अवघ्या काही महिन्यांत त्याच जागी सुरू झाले. लष्करी ताबा आणि पुरातत्त्व यांचा हा निकटचा संबंध विसरून चालणार नाही. 1888 च्या कॉन्स्टँटिनोपल करारान्वये युद्धात व शांततेत सर्व राष्ट्रांच्या जहाजांना मार्ग खुला ठरला, पण ब्रिटिश सैन्य कालव्याच्या परिसरात 1956 पर्यंत राहिले.

मुंबईच्या दृष्टीने पाहता, टपाल व उतारू सुएझमार्गे आधीपासूनच जात होते. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून निघून महिनाभराने सुएझला लागली. तेथून पुढे उंट, गाड्या आणि 1858 पासून कैरोमार्गे रेल्वे होती. कालव्याने खरा फरक पडला तो मालवाहतुकीत. लंडन–मुंबई अंतर सु. 40 टक्क्यांनी घटले आणि कापसाचे गठ्ठे मध्ये न उतरवता थेट जाऊ लागले. तांबड्या समुद्रातील वारे शिडाच्या जहाजांना प्रतिकूल असल्याने हा लाभ आगबोटींनाच मिळाला. वाढत्या आगबोटींसाठी मुंबईत 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला.

नासर यांनी 1956 मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण केल्यावर इझ्राएल, ब्रिटन व फ्रान्स यांनी ईजिप्तवर हल्ला केला. अमेरिका व सोव्हिएट रशिया या दोहोंच्या दबावामुळे त्यांना माघार घ्यावी लागली. 1967 च्या युद्धापासून 5 जून 1975 पर्यंत कालवा बंद होता. मूळ कालव्याची खोली सु. 8 मी. व तळाची रुंदी 22 मी. होती, तेव्हापासून तो वारंवार खोल व रुंद केला गेला असून 2015 मध्ये सु. 35 किमी. लांबीचा समांतर जलमार्ग जोडण्यात आला.