फोनला सोनं कळत नाही, खिळा मात्र बरोबर कळतो

मागच्या महिन्यात शिवाजी पेठेत काकांच्या जुन्या वाड्यात गेलो होतो, तर चुलत भाऊ मागच्या पडवीत फोन फरशीला चिकटवून ओणव्यानं फिरत होता. म्हटलं काय हरवलंय रे? तर म्हणे, "दादा, सोनं शोधायचं अॅप टाकलंय, हितं कोपऱ्यात आलं की वाजतंय बघ, पणजोबांनी कायतरी पुरलं असणार." वाजत होतं हे खरं. स्क्रीनवरचा आकडा ४३ होता तो त्या कोपऱ्यात ११० च्या वर जात होता.

काकूंकडून पाटली मागून घेतली आणि फोनवर ठेवली. आकडा ४३ चा ४३. मग अडकित्ता ठेवला, तर फटकन ९० च्या पुढं. भावाचं तोंड उतरलं, पण मला मात्र हे सगळ्यांना सांगावंसं वाटलं, कारण असली अॅप लोक भरपूर टाकतात.

फोनमधल्या नकाशात आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत हे कळतं ते मॅग्नेटोमीटर नावाच्या बारक्या चिपमुळे. ती फक्त चुंबकीय क्षेत्र मोजते, धातू नाही. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडं साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) असतं, भावाच्या स्क्रीनवरचे ४३ म्हणजे तेच, वाड्याचं त्यात काही नाही. लोखंड जवळ आलं की ते हे क्षेत्र वाकवतं, म्हणून आकडा उसळतो, सोन्याचा त्यावर काही परिणाम होत नाही.

आता ही चिप मोजते कसं, तर बऱ्याच फोनमध्ये हॉल परिणाम वापरतात आणि हा माझा अगदी आवडता विषय आहे. एका पातळ पट्टीतून वीज सोडायची, म्हणजे इलेक्ट्रॉन या टोकाकडून त्या टोकाकडं निघाले. आता पट्टीला काटकोनात चुंबकीय क्षेत्र आलं की ते इलेक्ट्रॉनना बाजूला ढकलतं, ते एका कडेला गोळा होतात, दुसऱ्या कडेला कमी पडतात आणि दोन कडांमध्ये थोडासा व्होल्टेज तयार होतो. क्षेत्र जितकं जोरात तितका व्होल्टेज जास्त. बस्स, तो व्होल्टेज मोजला की क्षेत्र कळलं. एडविन हॉलनं हे १८७९ मध्ये शोधलं, तेव्हा तो विद्यार्थी होता आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून १८ वर्षं होती! आणि त्यानं पट्टी कशाची घेतली होती, तर काचेवर चिकटवलेल्या सोन्याच्या वर्खाची.

पण सोन्यात हा व्होल्टेज फारच कमी मिळतो. सोन्यात मोकळे इलेक्ट्रॉन प्रचंड, त्यामुळं तेवढीच वीज वाहायला प्रत्येकाला अगदी हळू सरकलं तरी चालतं, आणि चुंबकाचा धक्का वेगावर अवलंबून असतो. सिलिकॉनसारख्या सेमीकंडक्टरमध्ये (अर्धवाहकात) मोकळे इलेक्ट्रॉन कमी, म्हणून त्यांना जोरात पळावं लागतं, धक्का मोठा बसतो. म्हणून चिप सेमीकंडक्टरची. तीन दिशांना तीन मापं घेतली की क्षेत्राचा बाण पूर्ण मिळतो. त्यात फोनच्या स्पीकरचं स्वतःचं चुंबक मिसळतंच, ते वजा करायला फोन हवेत इंग्रजी आठसारखा फिरवायला सांगतात: फोनचं क्षेत्र फोनबरोबर फिरतं, पृथ्वीचं जागेवर राहतं, त्यामुळं सगळी मापं एका गोलावर पडतात आणि त्या गोलाचा मध्य शून्यापासून जेवढा सरकलाय तेवढी चूक.

खरा मेटल डिटेक्टर वेगळाच असतो. त्याच्या कॉइलमधून उलटसुलट वीज जाते, त्यामुळं जवळच्या धातूत भोवरे घेणारे प्रवाह उठतात आणि त्यांचा प्रतिसाद तो पकडतो, म्हणून त्याला सोनं-तांबंही सापडतं. फोनची चिप नुसती ऐकते. आणि आपल्याकडं तर जमीनच काळ्या दगडाची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजामध्ये त्या वेळच्या पृथ्वीचं चुंबकत्व गोठून राहिलंय, त्यामुळं जोत्याच्या दगडाला फोन लावला तर दोन-तीन आकडे हलू शकतात. त्यावर कुणी खणायला घेतलं तर काय म्हणायचं? गुप्तधनाच्या नादात महाराष्ट्रात इतके अघोरी प्रकार झालेत की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली, तेव्हा फोनच्या बीपला असलं वजन देणं मला खरोखर धोक्याचं वाटतं. वास्तूवालेही कॉलमजवळ उभं राहून फोनवर उत्तर दिशा काढतात, आतल्या सळ्यांनी होकायंत्राची सुई सहज दहा-वीस अंश सरकते आणि लोक त्यावर किचन पाडतात.

चांगला उपयोग भिंतीचा आहे. फळी ठोकायच्या आधी जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं काढलेलं फायफॉक्स हे फुकट अॅप टाका, त्यात मॅग्नेटोमीटर उघडा (अगदी स्वस्त फोनमध्ये ही चिप नसतेही), चुंबकवालं कव्हर काढा आणि फोनची वरची कड भिंतीवरून सावकाश फिरवा, कारण चिप बहुतेक वरच्या बाजूला असते. आकडा उसळला तिथं खिळा नाहीतर सळी, चार बोटं सरकून ड्रिल मारा. अंतर दुप्पट झालं की लहान चुंबकाचं क्षेत्र आठवा हिस्सा उरतं, म्हणून खोल असलेली सळी सापडत नाही. विजेच्या वायरसाठी मात्र याच्यावर अजिबात भरवसा ठेवू नका, तांब्याला चिप ओळखत नाही आणि फेज-न्यूट्रल शेजारी असले की त्यांची क्षेत्रं एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात.

भावानं ती फरशी शेवटी उचललीच. खाली दगडात शिसं ओतून बसवलेली जाडजूड लोखंडी कडी निघाली, गंजलेली. काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हितं दावण होती की आपली. लग्न होऊन आले तेव्हा दोन म्हशी होत्या हितं."