डोमेन वेगळं, होस्टिंग वेगळं

"भाऊ, डोमेन तं घेतला, मंग साइट काहून उघडत नाही जी?" साकोली, लाखनी, लाखांदूर, कुठूनही फोन आला तरी प्रश्न हाच असतो. दुसरा प्रश्नही ठरलेला: होस्टिंगचे पैसे भरले, तरी पत्ता बंद कसा पडला? दोन्हींच्या मुळाशी डोमेन आणि होस्टिंग एकच समजण्याचा घोळ आहे, आणि 'सगळं पॅकेजमध्ये आहे' असं सांगून विकणाऱ्यांनी तो वाढवलाय. या पॅकेज शब्दाचा मला मनापासून राग येतो.

डोमेन म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकतो ते नाव. ते वर्षाच्या हिशेबानं नोंदवायचं असतं, .कॉम असेल तर जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. होस्टिंग म्हणजे तुमचे लेख आणि फोटो ज्या कॉम्प्युटरवर राहतात तिथली जागा. इथपर्यंत कोणाचं अडत नाही.

अडतं ते पुढं. या दोन गोष्टींची नोंद वेगळी, मुदत वेगळी, आणि दोघींना जोडतात त्या डीएनएसमधल्या, म्हणजे कोणतं नाव कुठं न्यायचं त्या इंटरनेटच्या यादीतल्या, दोन-चार ओळी. त्या बहुतेक वेळा नाव जिथं नोंदवलं त्याच खात्यात भरायच्या असतात. ओळीचा अर्थ साधा आहे: हे नाव कोणी विचारलं तर त्याला अमुक कॉम्प्युटरकडे पाठव. ती ओळ भरलीच नसेल तर नाव तुमचं आहे, जागाही तुमची आहे, तरी साइट उघडणार नाही. वरच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ दर वेळी हेच निघतं. आणि ओळ बदलली की तेच नाव नव्या जागेकडे नेतं. २०११ पासून आपण मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलतो ना, तसंच. दोन्ही एकाच कंपनीकडून घेतलं तरी आत खाती दोनच चालतात. पावती नीट पाहा, डोमेनची ओळ वेगळी दिसेल आणि होस्टिंगची वेगळी.

आता यातलं काय गेलं तर जास्त नुकसान? लोक सांगतात होस्टिंग, कारण लिखाण तिथं असतं. मी सांगतो डोमेन. लिखाणाची प्रत तुमच्याकडे असेल तर होस्टिंग बंद पडलं तरी एका दुपारी दुसरीकडे सगळं चढवता येतं आणि वाचणाऱ्याला काही कळतही नाही. नावाचं तसं नाही. .कॉमसारख्या नावाची मुदत संपली की विकणारा थोडे दिवस थांबतो. मग ३० दिवसांचा काळ असतो, त्यात बराच जास्त दंड भरून नाव सोडवता येतं. त्यानंतर ५ दिवस कोणालाच हात लावता येत नाही, आणि मग ते नाव जो पहिल्यांदा घेईल त्याचं.

आमच्याकडच्या एका निवृत्त गुरुजींनी झाडीबोलीतले शब्द आणि दंडारीची गाणी वर्षानुवर्षं जमवली. शेजारच्या म्हाताऱ्या बायांकडून एकेक शब्द ऐकून शंभर पानी वहीत लिहायचे, मग नातू टाइप करायचा. साइट तालुक्याच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं करून दिली, पैसे रोख घेतले. तीन वर्षांनी त्यानं दुकान बंद केलं, फोनही लागेना. मी खातं शोधायला बसलो तर डोमेन त्याच्या ईमेलवर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. लिखाण नातवाच्या पेनड्राइव्हमध्ये होतं, त्यातला एक शब्दही गेला नाही. पत्ता मात्र गेला, आणि तोच पत्ता गुरुजींच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापलेला होता. घरात उरलेल्या प्रतींवर आम्ही नव्या पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. गावोगावी वाटलेल्या प्रतींवर अजून जुनाच आहे.

म्हणून साइट कोणाकडूनही करून घ्या, डोमेनचं खातं स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नंबरवर उघडा. धानाची बांधी ठेक्यानं कोणीही कसली तरी सातबाऱ्यावर नाव आपलंच ठेवतो, इथंही तेवढीच काळजी घ्या. ईमेल मात्र त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं की मेलही बंद पडतो, आणि मुदतीची सूचना नेमकी त्याच मेलवर येत असते. सध्या दुसऱ्याच्या खात्यात असेल तर तो माणूस फोन उचलतोय तोवर डोमेन अनलॉक करून ट्रान्सफर कोड, म्हणजे नाव आपल्या खात्यात आणायचा गुप्त शब्द, मागून घ्या.

बाकी फरक किरकोळ आहेत. .इन की .कॉम, कोणतंही चालेल. .भारत २०१४ पासून देवनागरीत मिळतं, मला आवडतंही, पण ब्राउझरमधून कॉपी केलं की अनेकदा एक्सएनने सुरू होणारी न वाचता येणारी अक्षरं येतात, त्यामुळे एकटं घेऊ नका. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर; वर्डप्रेस डॉट कॉमवर जागा त्यांची असते. वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून फुकट सॉफ्टवेअर मिळतं आणि जागा आपण शोधायची, मग अपडेटही आपणच करायचे. महिन्याला दोन लेख लिहिणाऱ्यानं त्या भानगडीत पडू नये. आणि लेख कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून तसाच पेस्ट करू नका, वाचणाऱ्याला नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडच वापरा.

माझी पसंती पक्की आहे: पैसे फक्त नावावर खर्च करा. होस्टिंगसाठी ब्लॉगर पुरतं. १९९९ मध्ये सुरू झालेलं आणि २००३ पासून गुगलकडे असलेलं हे ठिकाण स्वतःचं डोमेन जोडायचा एक पैसा घेत नाही. सेटिंगमध्ये ते डीएनएसच्या दोन ओळी देतं (त्यांना सीनेम म्हणतात), त्या डोमेनच्या खात्यात जशाच्या तशा उतरवायच्या. ब्लॉगर देतं तो फुकटचा ब्लॉगस्पॉटचा पत्ता मात्र छापू नका, तो तुमच्यासोबत दुसरीकडे येत नाही. महिन्यातून एकदा सेटिंगमधूनच सगळ्या लेखांची फाइल उतरवून ठेवा.

पहिल्या वर्षाच्या स्वस्त भावावर जाऊ नका, नूतनीकरणाचा भाव विचारा, तोच खरा. मुदत संपायची वाटही पाहू नका, आधी भरता येतं. धानाचे पैसे हातात आले की तेव्हाच पुढच्या तीन वर्षांचं भरून मोकळे व्हा.